तिपदरी काचेच्या खिडक्या

लेम्पी कांगासनं गावातल्या लाकूड-हार्डवेअरच्या दुकानात एकतीस वर्षं काउंटरमागे उभं राहून काढली. त्यामुळे कोणती वस्तू किती टिकते हे तिला जाहिराती वाचून नाही, तर ती वस्तू परत घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून कळायचं. कुणाच्या छपराचा पत्रा तिसऱ्याच हिवाळ्यात खिळ्यांपाशी गंजला, कुणाच्या खिडकीच्या दोन काचांमध्ये धुकं साचलं, कुणाची भट्टी वीज गेल्याबरोबर थंडगार पडली, सगळं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ती स्वतः मात्र तांब्याच्या खाणकंपनीनं शंभर वर्षांपूर्वी मजुरांसाठी बांधलेल्या घरात राहत होती. त्या घराच्या भिंतींतून जानेवारीत असा वारा यायचा, की ओट्यावर विसरलेल्या पेल्यातल्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय धरलेली असायची.

तिचा नवरा रेनो याला त्याचं काही वाटत नसे. त्यानं काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलणारा ट्रक अडतीस वर्षं चालवला होता. घर म्हणजे बूट काढायची जागा, एवढीच त्याची अपेक्षा. स्वयंपाकघराचं दार खाली घासतंय, ते बदलायला हवं, असं तो लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून म्हणत होता. लग्नाला आता त्रेचाळीस वर्षं झाली होती.

तळ्याकाठी त्यांची जमीन होती. बावीस वर्षांपूर्वी घेतली, तेव्हा त्यांच्या फिनिश वाडवडिलांच्या रीतीप्रमाणे पहिल्याच उन्हाळ्यात तिथं सौना बांधला. एक वाफेची खोली, आणि तिला लागून कपडे बदलायची खोली. तीत दोन अरुंद बाकं आणि तळ्याकडे एक लहानशी खिडकी. दर शनिवारी दोघं तिथं जायची, अंगातून घाम काढायची, तळ्यात डुबकी मारायची, कॉफी आणि वेलदोड्याचा पाव खायची आणि पुढे घर कुठे उभं राहील त्यावर वाद घालायची. घर काही उभं राहिलं नाही. कधी लेकीचं, कार्लाचं, कॉलेज आलं, कधी रेनोच्या गुडघ्यांची ऑपरेशनं आली, आणि कधी कधी तर नुसताच आळस.

मग एका मार्चमध्ये मार्केट नावाच्या शहरातल्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी लेम्पीच्या पोटातल्या गाठीबद्दल सांगितलं. पुढचा मार्च दिसेल असं मी तुम्हाला सांगणार नाही, असंही सांगितलं.

परतीच्या वाटेवर लेम्पी तासभर गाडीबाहेर बघत बसली होती. रेनो रस्त्यावरची नजर हलवत नव्हता. कालव्यावरचा पूल आला तशी ती म्हणाली, "या उन्हाळ्यात घर बांधू."

"बांधू की," रेनो म्हणाला. त्या क्षणी ती चंद्रावर जाऊ म्हणाली असती, तरी तो हेच म्हणाला असता.

"आणि निवडायचं सगळं मी. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"मी कधी बोललोय मध्ये?"

"तेही खरंच," ती म्हणाली आणि हसली. रेनोला मात्र पुढचा रस्ता दिसेना. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ तशीच उभी ठेवली.

बांधकामासाठी त्यांनी डेनिस ट्रेगियरला बोलावलं. डेनिस इंग्लंडातून आलेल्या कॉर्निश खाणकामगारांच्या रक्ताचा, पन्नाशीचा. एकोणीस वर्षांचा असताना तो पहिल्यांदा दुकानात खिळे घ्यायला आला होता आणि लेम्पीनं त्याला चुकीचे खिळे मागितल्याबद्दल चारचौघांत झापलं होतं. तेव्हापासून तो तिला वचकून होता आणि तिच्यावर त्याचा जीवही होता. तिच्या दुखण्याचं त्याला अजून कळलं नव्हतं.

जमिनीवर पाऊल ठेवताच तो म्हणाला, "तुम्हा फिनिश लोकांचं मला कळतच नाही. आंघोळीची खोली आधी, आणि घर मरायला टेकल्यावर!"

रेनो खाली बघू लागला. डेनिस एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"बरोबर बोललास," लेम्पी म्हणाली. "म्हणून जरा हात चालव. आणि तोंड मिट, माश्या जातील."

त्या एप्रिलभर तिनं वहीत सगळं लिहून काढलं. पाया खालून आणि बाजूंनीही थंडीपासून झाकायचा. भिंती बारा इंच जाड, दुहेरी चौकटीच्या, आत कागदाच्या लगद्याचं दाबून भरलेलं भरण. छप्पर उतरतं, वर जाड पत्रा, एकही खिळा उघडा नाही. आतली शिळी हवा बाहेर टाकताना तिच्यातली ऊब काढून घेऊन ताज्या हवेला देणारं एक यंत्र. आणि घराच्या मधोमध संगजिऱ्याच्या दगडाची भट्टी. सकाळी एकदा दोन-तीन मोळ्या लाकूड जाळलं की दगड दिवसभर ऊब देत राहतो. वीज असो नाहीतर नसो.

"एवढी जड भट्टी कशाला?" रेनोनं विचारलं. "गॅसची लावू. बटण दाबलं की झालं."

"बटणं बिघडतात. दगड बिघडत नाही."

सगळ्यात जास्त वेळ तिनं खिडक्यांवर घालवला. लाकडी चौकटी, तिपदरी काच, कडेला तीन ठिकाणी बसणारं रबर, आणि दाबून बंद केल्या की तिजोरीसारखा आवाज करणाऱ्या. अशा खिडक्या तयार मिळत नाहीत. माप द्यायचं, कारखाना बनवतो. मेच्या मध्यावर तिनं स्वतः फोन करून अकरा खिडक्यांची मापं दिली. चौदा आठवडे लागतील, म्हणाले. ऑगस्टअखेर खिडक्या, सप्टेंबरात घरात पाऊल, असा तिनं हिशेब बसवला.

गावातलं घर जूनमध्ये विकलं गेलं. तसाही त्याचा जिना तिला चढवत नव्हता. दोघं सौन्यात राहायला आली. एका बाकावर ती, दुसऱ्यावर तो, मध्ये औषधांचं खोकं. खिडकीतून तळ्याच्या अलीकडे घराचा सांगाडा उभा राहताना दिसायचा. डेनिसची माणसं वासे ठोकत आणि ती उशीला टेकून मोजत बसे. एखादा वासा वाकडा वाटला की रेनोला पाठवी. रेनो डेनिसकडे जाऊन म्हणे, "बाईसाहेबांनी विचारलंय, तो कोपऱ्यातला वासा जळणाचा आहे का घराचा?" डेनिस खांदे पाडून तो वासा काढायला लावी. काढल्यावर बघितलं तर तो खरोखरच पीळ पडलेला असे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कारखान्याचं पत्र आलं. काच तयार करणाऱ्या यंत्रात बिघाड झाला होता. खिडक्या ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मिळतील.

लेम्पीनं पत्र दोनदा वाचून घडी घातली. "थांबू," ती म्हणाली.

 पण ती आठवडाभर अर्धी वाटी सूपही संपवत नव्हती, ते रेनो बघत होता. रात्री उठून बाहेर जाताना ती त्याच्या दंडाला धरायची, आणि धरलेल्या हाताचं वजन दर आठवड्याला कमी होत होतं. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा त्याला पलीकडच्या किनाऱ्यासारखा लांब दिसू लागला.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तिला ताप चढला आणि मार्केटला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. पाच दिवस. दुसऱ्या दिवशी रेनोनं हॉस्पिटलच्या पार्किंगमधून कारखान्याला फोन लावला. आणखी लवकर जमेल का, विचारलं. पलीकडची पोरगी म्हणाली, नाही. ऑर्डर ठेवायची की रद्द करायची? रेनो म्हणाला, रद्द करा. इतकं सोपं होतं ते. मग तो तिथल्याच एका मोठ्या दुकानात गेला आणि तयार असलेल्या अकरा खिडक्या ट्रकमध्ये घालून घेऊन आला. पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटी, दुहेरी काच.

डेनिसनं ट्रकमध्ये डोकावून बघितलं आणि टोपी काढली.

"हे तिला माहीत आहे?"

"कळेल."

"रेनो, ही मापं वेगळी आहेत. मला जागा लहान कराव्या लागतील, वरून फळ्या ठोकाव्या लागतील. एकदा भरण भरलं, बाहेरून फळ्या लागल्या, की पुन्हा मागे फिरता येणार नाही."

"मला मागे फिरायचं नाहीये. मला तिला आत न्यायचंय. या लावल्यास तर सप्टेंबरअखेर आत जाता येईल की नाही? तेवढं सांग."

"येईल," डेनिस म्हणाला.

"मग लाव."

शनिवारी रेनो लेम्पीला घेऊन आला. त्यानं तिला सौन्यात न नेता थेट घरापाशी नेलं, पाठीशी हात देऊन पायऱ्या चढवल्या. आत खुर्ची मांडून ठेवली होती. तिच्या तोंडावर आनंद बघायचा म्हणून तो समोर उभा राहिला. लहान मुलानं आईला चित्र दाखवावं, तसा.

लेम्पी खुर्चीवर बसली नाही. ती एकेक पाऊल टाकत पहिल्या खिडकीपाशी गेली. कडेवर तळहात ठेवला. खिटी उघडली, लावली. दुसऱ्या खिडकीपाशी गेली, तिथंही तेच केलं. डेनिस मागच्या दारानं बाहेर सटकला.

"मी विकायचे या," ती म्हणाली. "पाच वर्षांत रबर कडक होतं, सातव्या वर्षी काचेत धुकं. आमच्याकडे परत घेऊन यायचे लोक. मी त्यांना सांगायचे, कंपनीला पत्र लिहा."

"लेम्पी, ऐक—"

"कारखान्याच्या खिडक्यांचं काय झालं?"

"रद्द केल्या."

ती तेव्हा खुर्चीवर बसली.

"मला खिडक्या नकोत," रेनो म्हणाला. "तू म्हणशील तर मी या सगळ्या भोकांना कांबळी लावीन. मला तू या घरात हवी आहेस. एक महिना तरी. बस. एवढंच मागतोय मी."

"आणि पुढे?"

"पुढचं पुढे बघू. तुला हव्या त्या खिडक्या नंतर बसवीन. शप्पथ."

"तू बसवणार?" ती म्हणाली. "अरे, मी ज्या खिडकीतून बघत बसले ती खिडकी तू उपटून काढशील? मी गेल्यावर तू माझा दात घासायचा ब्रशसुद्धा टाकणार नाहीस. मी ओळखत नाही का तुला? धुकं धरलेल्या काचेसमोर बसून राहशील. थंडीत गुडघे धरून."

ते खरं होतं.

"तुला काय वाटलं, हे सगळं मी माझ्यासाठी निवडत होते?" ती म्हणाली. "मी इथं राहून राहून किती राहणार? महिना? दोन? मला तर सौन्यातसुद्धा ऊब मिळतेय. तुला वीस वर्षं काढायचीयत इथं. एकट्यानं. तुला साधी भट्टी नीट साफ ठेवता येत नाही, म्हणून दगडाची घेतली. छपरावर चढून बर्फ काढायला जाशील आणि पडशील, म्हणून उतरतं घेतलं. तू काही दुरुस्त करणार नाहीस हे धरूनच मी एकेक गोष्ट निवडली आहे, गाढवा."

मग ती रडायला लागली. त्या मार्चपासून ती पहिल्यांदाच रडत होती. रेनो खाली फळ्यांवर गुडघे टेकून बसला, जे त्याच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी सक्त मना केलं होतं, आणि त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्याच्या डोक्यावरून तिचा हात फिरत होता, पण रडणं काही थांबेना.

सोमवारी तिनं स्वतः कारखान्याला फोन केला. रद्द झालेली ऑर्डर पुन्हा रांगेच्या शेवटी गेली होती. सोळा आठवडे, म्हणाले. डिसेंबरचा पहिला आठवडा. तिनं फोन ठेवला तेव्हा रेनो दारात उभा होता. त्याला आकडा ऐकू आला होता.

"ऑक्टोबर म्हणाले होते," तो म्हणाला. "मी हात लावला नसता तर ऑक्टोबरात..."

"डिसेंबर काही फार लांब नाही," लेम्पी म्हणाली. त्यानंतर रेनोच्या त्या फोनबद्दल ती जन्मात पुन्हा बोलली नाही.

डेनिसनं पांढऱ्या खिडक्या काढल्या, जागा पुन्हा मोठ्या केल्या आणि त्यांवर जाड दुधी प्लास्टिक ताणून बसवलं. काम चालू राहिलं. छपराचा पत्रा चढला, भरण भरलं गेलं, ऑक्टोबरात गवंड्यानं भट्टी पुरी केली. त्या महिन्याचा तिसरा आठवडा आला आणि गेला. त्या आठवड्यात हवा फार सुरेख होती. तळ्याकाठचे बर्च पिवळे झाले होते, पाणी इतकं स्थिर, की दोन-दोन आकाशं दिसत होती. रेनोला ते बघवत नव्हतं. तो दिवसभर लाकडं फोडत राहिला, दोन हिवाळ्यांना पुरतील एवढी.

महिनाअखेर भट्टीत पहिल्यांदा लहान-लहान जाळ घालायचे होते. दगड हळूहळू तापवत न्यावा लागतो, नाहीतर तडे जातात. तिसऱ्या दिवशी दगड कोमट झाला तसं लेम्पी म्हणाली, "मला घेऊन चल."

तिचं वजन आता कार्लाचं दहाव्या वर्षी होतं तेवढंच राहिलं होतं. रेनोनं तिला रजईत गुंडाळून उचललं आणि अंगण ओलांडून घरात नेलं. भट्टीला लागून दगडी बैठक होती, तिच्यावर बसवलं. तिनं पाठ दगडाला टेकली आणि डोळे मिटले.

"लागतेय का ऊब?" त्यानं विचारलं.

"येतेय हळूहळू. हाडांपर्यंत."

समोर भिंतीत मोठ्या खिडकीची जागा होती. दुधी प्लास्टिकमधून नुसता उजेड येत होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं. वारा आला की ते फुगायचं आणि पुन्हा आत ओढलं जायचं.

"इथून काय दिसेल सांग," ती म्हणाली.

रेनोला बोलायची सवय नव्हती. तरी तो सांगू लागला. डाव्या हाताला सौना दिसेल. मग तीन बर्च, त्यातला मधला वाकडा. मग धक्का. पाणी. पलीकडे हेंड्रीची वाडी, संध्याकाळी तिचा दिवा. हिवाळ्यात तळं गोठलं की मासे धरणाऱ्यांच्या झोपड्या. एप्रिलमध्ये बर्फ फुटतो तेव्हा...

"पुरे," लेम्पी म्हणाली. "आता ने परत."

सगळी मिळून पंधरा मिनिटं ती त्या घरात बसली असेल.

नोव्हेंबरच्या नवव्या दिवशी सकाळी, सौन्यात, ती गेली. कार्ला दोन दिवस आधी मिलवॉकीहून आली होती. नर्स यायच्या आधी बापलेकींनी चूल पेटवून पाणी तापवलं आणि तिचं अंग पुसलं. रेनोच्या आजीचंही असंच सौन्यात पुसलं होतं. तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि त्याला दाराबाहेर उभं केलं होतं. आता त्यानंच तिचे केस विंचरले.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात लोक कॉफी घेत होते तेव्हा कार्ला खिडकीपाशी बापाजवळ आली. तिचे डोळे सुजले होते.

"आई त्या घरात राहू शकली असती," ती म्हणाली. "डेनिसनं सांगितलं मला, ऑगस्टात खिडक्या लागल्या होत्या म्हणून. आईनंच काढायला लावल्या. खिडक्या, बाबा! शेवटचे तीन महिने एका बाकड्यावर काढले तिनं, का तर रबर चांगलं नव्हतं! एवढा कसला हट्ट?"

रेनोनं तिला न विचारता खिडक्या आणल्या होत्या, त्यापलीकडे डेनिसलाही काही माहीत नव्हतं. ऑर्डर कुणी रद्द केली, पुन्हा रांगेच्या शेवटी कशी गेली, हे लेम्पी आणि रेनो सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

रेनोनं कपातली कॉफी ढवळली. "तिचा स्वभावच तसा होता," तो म्हणाला.

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. पण तोवर कुणीतरी कार्लाला मिठी मारली होती, आणि तो कप घेऊन तसाच उभा राहिला.

डिसेंबरच्या चार तारखेला खिडक्या आल्या. त्यानं आणि डेनिसनं दोन दिवसांत त्या बसवल्या. शेवटची दाबून बंद केली तेव्हा बाहेरचा वारा एकदम थांबल्यासारखा झाला. डेनिस खूप वेळ चौकटीवरून हात फिरवत होता. "अशी खिडकी मी आयुष्यात बसवली नाही," तो म्हणाला आणि नाक शिंकरत ट्रककडे निघून गेला.

रेनो त्या घरात राहू लागला. सकाळी भट्टी पेटवायचा, दिवसभर घर उबदार असायचं. कुठे फट नव्हती, कुठे काही करकरत नव्हतं, कोणतं दार घासत नव्हतं. दुरुस्त करायला काही नव्हतंच. त्याचे दिवस रिकामे होते आणि त्या रिकामपणात तो लेम्पीवर संतापायचा. मला थंडीत बसायचं होतं तुझ्याबरोबर, तो मोठ्यानं म्हणायचा. कुणी सांगितलं होतं तुला माझी वीस वर्षं बांधून ठेवायला? मग कॅलेंडरवरचा ऑक्टोबर आठवला की संताप उलटून त्याच्याच अंगावर यायचा. दर रविवारी कार्लाचा फोन यायचा. बोलता बोलता आईचा विषय निघाला की तिचा आवाज कडक व्हायचा, आणि रेनो हवेबद्दल बोलू लागायचा.

फेब्रुवारीत तीन दिवस हिमवादळ झालं. तारा तुटल्या, साऱ्या काठाची वीज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. पलीकडच्या वाडीतली सिल्वी हेंड्री होती, मागे तिची सून, सुनेच्या कोटात सात आठवड्यांची तान्ही मुलगी.

"आमच्याकडे सगळं विजेवर," सिल्वी म्हणाली. "आत चार अंशांवर आलंय. तुझ्या धुराड्यातून धूर दिसला."

"या, या. बूट नका काढू. म्हणजे काढा, जमीन गरम आहे," रेनो गडबडून म्हणाला.

त्या दोन दिवस राहिल्या. बाहेर उणे सव्वीस होतं. सून बाळाला घेऊन मोठ्या खिडकीला अगदी चिकटून बसायची आणि बाळ झबल्यावर झोपलेलं असायचं. एकदा तिनं काचेला तळहात लावून बघितला आणि म्हणाली, "आतून थंडसुद्धा लागत नाही हो. कुणी निवडली ही?"

"माझ्या बायकोनं."

"भारी नजर होती त्यांची."

"ती इथं एक दिवसही राहिली नाही," रेनो म्हणाला. "तिला राहता आलं असतं. मी ऑर्डर रद्द केली."

सुनेनं काचेवरचा हात काढून घेतला. सिल्वी भट्टीपाशी मांस-बटाटा भरलेली पेस्टी गरम करत होती, तिचा हात थांबला.  एकदा तोंडातून निघालेलं ते वाक्य रेनोला परत गिळता येईना.

वीज आली, त्या दोघी घरी गेल्या. रेनोनं रविवारची वाट बघितली नाही. त्यानं कार्लाला फोन लावला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं: पार्किंगमधला फोन, ऑक्टोबर, डिसेंबर, सगळं. आणि चर्चच्या तळघरात आपण काय बोललो तेही.

"आईला माहीत होतं?" कार्लानं विचारलं.

"तिनंच पुन्हा फोन केला कारखान्याला."

"आणि तिनं मला काहीच सांगितलं नाही."

"नाही."

"मी तिच्यावर रागावून होते, बाबा. ती गेल्यापासून. तुला माहीत होतं, आणि तू मला रागावू दिलंस."

"हो."

फोन बंद झाला. त्या रविवारी तिचा फोन आला नाही. पुढच्याही नाही. मार्चभर नाही.

एप्रिलमध्ये, तळ्यातला बर्फ फुटून काठाला लागला होता तेव्हा, ती न कळवता आली. चार दिवस राहिली. पहिल्या दिवशी तिनं सगळं घर फिरून बघितलं, एकेक खिडकी उघडली, लावली. रेनो स्वयंपाकघरात उभा राहून ते आवाज मोजत होता. अकरा. तो गेला नाही तिकडे. ती बाहेर आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं.

राहिलेल्या दिवसांत त्या दोघांनी लेम्पीचे कपडे खोक्यांत भरले. रेनोनं दोनच गोष्टी मागे ठेवल्या: तिची वही आणि दात घासायचा ब्रश. कार्लानं पाहिलं, आणि पुढचं खोकं बंद केलं.

निघायच्या दिवशी तिनं गाडीत बॅग टाकली आणि पायरीवर येऊन बापाशेजारी बसली. ऊन होतं, पण वाऱ्यात अजून धार होती.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"असू दे."

"आईवरचाही नाही गेला. तिनं हट्ट केला नसता तर सप्टेंबरातच आत आली असती."

"माझाही नाही गेला," रेनो म्हणाला.

कार्लानं त्याच्याकडे बघितलं. मग ती सरकून त्याला टेकून बसली, आणि दोघं तशीच बसून राहिली, हवा गार पडेपर्यंत. नंतर ती मिलवॉकीला निघून गेली, आणि रेनो आत जाऊन भट्टी पेटवू लागला.